दोरीने बांधलेला खोका

आमच्या लहानपणी गावात कोणी दुबईहून सुट्टीवर आला की माणसाआधी सगळ्यांची नजर त्याच्या खोक्यावर जायची. पुठ्ठ्याचा मोठा खोका, चारही बाजूंनी दोरीने करकचून बांधलेला, वर जाड अक्षरात नाव आणि गावाचा पत्ता. आत दुधाच्या पावडरचे डबे, साबण, बाम, कापडाचे तुकडे. दोरी कापायची नाही, गाठी सोडवायच्या, असा दादीचा हुकूम होता. ती दोरी पुढे वर्षभर कपडे वाळत घालायला चालायची. (आणि गल्फला गेलेला प्रत्येक जण आमच्यासाठी ‘दुबईवाला’च असायचा, मग तो मस्कतला असो की कुवेतला.)

हा खोका मला डिसेंबर 2017 मध्ये अचानक आठवला, तोही शारजाहमध्ये. थोरले भाईजान तिथे बरीच वर्षे नोकरीला आहेत, त्यांच्याकडे मी सुट्टीत गेले होते. शारजाह आर्ट फाउंडेशनच्या अल मुरैजा चौकातल्या दालनांत हसन शरीफ या अमिराती कलावंताच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन लागले होते. आदल्याच वर्षी त्यांचा इंतकाल झाला होता. चित्रे असतील म्हणून आम्ही गेलो. आत पाहते तो पुठ्ठा, दोऱ्या, कापड, तार! गुंडाळलेले, पिळलेले, गाठी मारलेले आणि ढिगाने मांडलेले. भाईजान माझ्या कानाशी म्हणाले, “ह्याला तिकीट नाही तेच बरं.”

मला हसू आले खरे, पण पाय तिथून निघेना.

हसन शरीफ 1951 चे. संयुक्त अरब अमिरात हा देश झाला 2 डिसेंबर 1971 रोजी, म्हणजे हा माणूस आपल्या देशापेक्षा वीस वर्षांनी मोठा. तरुणपणी ते ‘अखबार दुबई’ या नियतकालिकात व्यंगचित्रे काढायचे. हे मुद्दाम सांगते, कारण “अरब आहेत, चेहरे काढायचे नाहीत म्हणून असल्या आकृत्या करतात,” असे आपल्याकडे पटकन म्हटले जाते. शरीफ यांनी चेहरे भरपूर काढले होते. नंतर ते लंडनला कला शिकले. 1983 मध्ये हत्ताच्या माळरानावर नुसत्या उड्या मारून त्यांनी त्याचे फोटो काढून ठेवले, आणि तीही कलाकृतीच मानली. उड्यांचे मला अजूनही नीटसे कळलेले नाही. गाठींचे मात्र कळले.

तेलाचा पैसा आला तसा त्या देशाच्या बाजारात स्वस्त मालाचा पूर लोटला. प्लॅस्टिकच्या चपला, चमचे, दोरखंड, पुठ्ठे, कापड. ज्या बाजारातून आमचा खोका भरला जायचा, त्याच बाजारातून शरीफ आपला माल घ्यायचे. फरक एवढाच की आपली माणसे तो माल बांधून घरी पाठवायची आणि ते तो बांधून तिथेच लोकांपुढे ठेवायचे. त्यांची 2009 ची एक कृती आहे, चपला आणि तार यांची. नावही तेवढेच. एक चपल पायात असली तर चपल. शेकडो चपलांचा ढीग समोर आला की माणूस विचारतो, एवढ्या कोणी घातल्या, कोणी विकल्या, आणि कशाला?

आता मूळ मुद्दा. 1985 साली शरीफ यांनी हे काम शारजाहच्या सेंट्रल मार्केटमध्ये नेऊन मांडले, एका दिवसासाठी. हो, तेच निळ्या फरशांचे, वाऱ्याच्या मनोऱ्यांचे मार्केट, ज्याला सगळे ब्लू सूक म्हणतात. खाली सोन्याची दुकाने, वर गालिचे. भाभीचे कंगन तिथूनच आले. भाईजान तिथे किती वेळा गेले असतील याची गणती नाही, पण त्या जागी असे काही घडले होते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दालनात जाणारा माणूस मनाची तयारी करून जातो. बाजारातला माणूस भावाच्या घासाघिशीत असतो, त्याच्यापुढे अचानक गुंडाळलेला पुठ्ठा येतो. तो हसेल, चिडेल, निदान “हे काय?” असे तरी विचारेल.

आणि शरीफ यांनी त्या प्रश्नाला पाठ दाखवली नाही. ते वर्तमानपत्रांतून लिहीत राहिले, बाहेरच्या देशांतल्या कलेवरचे लेख अरबीत आणत राहिले, तरुणांना शिकवत राहिले. शिक्षिका म्हणून मला हे उड्यांपेक्षा आणि चपलांपेक्षाही मोठे वाटते. “तुम्हाला समजणार नाही” असे म्हणणे फार सोपे असते.

मी ते म्हटलेले आहे, म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलाने सायकलच्या जुन्या ट्यूब एकमेकींत गुंडाळून केलेला एक काळा गोळा आणला. काय आहे, विचारले तर म्हणाला, “अब्बांचं दुकान.” त्याच्या वालिदांचे पंक्चर काढायचे दुकान होते. त्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. मी तो गोळा टेबलाखाली सरकवला आणि त्या जागी थर्माकोलचा ताजमहाल ठेवला. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने काहीच आणले नाही. अल मुरैजाच्या त्या दालनात मला राहून राहून तोच गोळा दिसत होता.

शरीफ यांच्या सोबतीने घडलेल्यांत मोहम्मद अहमद इब्राहिम हे एक. जन्म 1962, गाव खोरफक्कान. ते पूर्वेच्या किनाऱ्यावर आहे, पाठीशी हजर पर्वत. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो, पण मावळताना कधी दिसत नाही. दुपार कलली की तो डोंगराआड जातो आणि गावावर सावली पडते. आपल्या कोकणाच्या अगदी उलट! 2022 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत अमिरातीच्या दालनात त्यांनी माणसाएवढ्या 128 आकृत्या उभ्या केल्या. एका टोकाला भडक रंग, मग ते विझत विझत काळ्या-पांढऱ्यापर्यंत. मी फक्त फोटो पाहिलेत. झाड म्हणावे तर झाड नाही, माणूस म्हणावा तर माणूस नाही, पण दिवस कलल्याचे कळते. साहित्य कागदाचा लगदा, त्यात माती, पाने, चहा, कॉफी, तंबाखू. नानी रद्दी भिजवून, मेथी घालून टोपल्या करायची, त्याच जातीचे काम.

त्यांच्या नंतरच्या पिढीतली शेखा अल मजरू. 2022 मध्येच तिने मदीनेच्या उत्तरेकडच्या अल उलामध्ये, उघड्या रानात, खडकांच्या फटींत पोलादाचे फुगीर आकार अडकवले. लांबून वाटावे, कोणी उशा कोंबून ठेवल्यात. हात लावला तर लोखंड.

ज्या घरांतले कोणी शारजाहला आहे, त्यांनी मुलांना घेऊन जाल तेव्हा मॉल एक दिवस कमी करा आणि अल मुरैजाला चक्कर मारा. ब्लू सूकला तर तुम्ही जाणारच.

त्या डिसेंबरात परत निघताना भाईजान माझ्या खोक्याला नुसती चिकटपट्टी लावत होते. मी म्हटले, दोरीही बांधा.

“आता ह्याचंही प्रदर्शन लावणार का?” असे म्हणत ते दोरी शोधायला उठले.