आधी तळं, मग नकाशा, मग मशीन

बोटीवर फिशफाइंडर बसवायचा म्हटलं की लोक पहिल्यांदा पडदा बघतात. सात इंच, नऊ इंच, बारा इंच... दिवाणखान्यात टीव्ही लावायचा असल्यासारखं! ही उलटी गंगा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आधी आपण कुठल्या तळ्यावर जाणार ते ठरवा. त्या तळ्याचा चांगला नकाशा कोणाकडे आहे ते शोधा. आणि तो नकाशा ज्या मशीनवर चालतो, ते मशीन घ्या. दुकानातल्या माणसाला हा क्रम आवडत नाही, कारण नकाशाचं कार्ड शंभर-दोनशे डॉलरचं आणि मोठा पडदा हजारांतला.

घरच्या मंडळींसाठी थोडं सोपं करून सांगतो. सोनार मुख्यतः बोटीच्या खाली पाणी किती खोल आहे ते सांगतो. पुढे दोनशे फुटांवर काय वाढून ठेवलंय ते सांगतो नकाशा. त्यावर समान खोलीच्या रेषा असतात. ट्रेकच्या नकाशावर डोंगराच्या असतात तशाच, फक्त इथे डोंगर पाण्यात बुडालेला.

मिनेसोटातलं मिल लॅक्स घ्या. जवळजवळ १ लाख ३० हजार एकरांचं तळं आणि सर्वांत खोल जागा फक्त ४२ फूट. म्हणजे एक अवाढव्य परातच! त्या परातीत चिखलाचे सपाट, पसरट उंचवटे आहेत. इथले लोक त्यांना 'मड फ्लॅट' म्हणतात. वॉलाय नावाच्या ज्या माशासाठी सगळी धडपड चालते, तो उन्हाळ्यात या उंचवट्यांच्या कडा धरून असतो. कडेला खोली बदलते ती थोड्याच फुटांनी. दर १० फुटांना एक रेष असलेल्या नकाशात ही कड फार तर एका रेघेवर भागवलेली असते, नाहीतर नसतेच. दर फुटाला रेष असेल तर कड कुठे वळली, कुठे नाक पुढे आलं, कुठे खाच पडली, सगळं दिसतं. पडदा नऊ इंची की बारा इंची, याचं त्या वॉलायला काय?

आता खोक्यावरच्या जाहिराती. 'अमुक हजार तळी!' अहो, मला त्यातली चार हवी आहेत. आणि त्या हजारांतली सगळी सारख्या तपशिलानं मोजलेली नसतात. काहींवर कंपनीची बोट ओळीनं फिरलेली असते. बाकीच्यांवर बहुतेकदा राज्य सरकारचा कित्येक दशकं जुना नकाशा डिजिटल करून बसवलेला असतो. मोजलेल्या तळ्यावरही दोन फेऱ्यांच्या मधली जागा सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. रेष सुबक आहे म्हणून खडक तिथेच असेल असं नाही, हे प्रॉपेलर तुटायच्या आधी कळलेलं बरं.

खरी चीड मला वेगळ्याच गोष्टीची येते. लेकमास्टरचे नकाशे एके काळी लोरन्सच्या मशीनवरही चालायचे. २०१० मध्ये हमिनबर्डची मालक कंपनी जॉन्सन आउटडोअर्स हिनं लेकमास्टर विकत घेतलं आणि ती सोय संपली. २०१७ मध्ये गार्मिननं नॅव्हिऑनिक्स घेतलं. २०२१ मध्ये ब्रन्सविकनं लोरन्स आणि सी-मॅप एकाच गाठोड्यात घेतले. तळं सगळ्यांचं, पण तळाचा नकाशा आता कुठल्या ना कुठल्या मशीनवाल्याच्या घरचा! याचा फायदाच नाही असं म्हणणार नाही. मिनकोटाची मोटर लेकमास्टरची रेष पकडून बोट आपोआप नेते, ती एकाच घरची म्हणूनच इतकी सहज. पण निवड करताना हे लग्न आहे, हे माहीत असावं.

त्यात आपणच सोनारच्या नोंदी कंपनीला फुकट पाठवायच्या, त्यातून नकाशा सुधारायचा आणि तोच सुधारलेला नकाशा आपण वर्गणी भरून घ्यायचा. वा रे न्याय! त्यापेक्षा मशीनमध्येच असलेली सोय वापरा. गार्मिनचं क्विकड्रॉ, हमिनबर्डचं ऑटोचार्ट लाइव्ह. बोट सावकाश, ओळीत फिरवत राहिलं की रेषा डोळ्यांसमोर उमटतात. दोनशे एकरांच्या तळ्याला दोन-तीन संध्याकाळी पुरतात, आणि असं तळं कुठल्या कार्डावर नीट मोजलेलं असण्याची शक्यता तशीही कमीच. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे खोलीचे नकाशे लेकफाइंडरवर फुकट आहेत. ते आधी बघा, मग पाकीट काढा.

'नकाशा बघून मासे धरणं ही काय मासेमारी?' असं म्हणणारेही आहेत. त्यांनी खुशाल दोरीला शिसं बांधून खोली मोजावी, माझी हरकत नाही.

तळ्याऐवजी धरणाच्या जलाशयावर जाणार असाल तर अजून एक. नकाशातली खोली ठरावीक पाणीपातळी धरून काढलेली असते. डाकोटातलं लेक ओआही वर्षावर्षाला वर-खाली होतं. उजनीचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तसंच. पातळीचा फरक मशीनमध्ये भरायची सोय आहे का, हे घेतानाच विचारा. असली तर दर फेरीला तो आकडा बदला, नाहीतर पडद्यावर सात फूट पाणी आणि बोटीखाली दगड!