आधी बशीर यांना हेगला पाठवा

मुकजार हे सुदानच्या दार्फुरमधले गाव. २००४च्या सुरुवातीला तिथे पकडलेल्या पुरुषांना कोठडीत कोंबले, मारहाण केली आणि गाड्यांत भरून नेऊन गोळ्या घातल्या. सरकारच्या बाजूने लढणाऱ्या जंजावीद टोळ्यांचा म्होरक्या अली कुशैब नुसते हुकूम सोडत नव्हता, जवळच्या कुऱ्हाडीने कैद्यांना स्वतः बडवत होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये त्याला २७ आरोपांत दोषी ठरवले. डिसेंबरमध्ये शिक्षा झाली, २० वर्षांची.

टोळ्यांना माणसे, पैसा आणि हत्यारे पुरवल्याचा आरोप असलेले तेव्हाचे मंत्री अहमद हारून मात्र २०२३मध्ये लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटताच खार्टूमच्या कोबर तुरुंगातून बाहेर पडले.

आणि ओमर अल बशीर? या माजी राष्ट्राध्यक्षांवर २००९मध्ये पहिले वॉरंट निघाले, २०१०मध्ये वंशसंहाराच्या आरोपाचे दुसरे. तरी ते देशोदेशी फिरत राहिले. २०१५मध्ये दिल्लीच्या भारत-आफ्रिका परिषदेलाही येऊन गेले. भारत या न्यायालयाचा सदस्य नाही, त्यामुळे अटकेचे बंधन नव्हते. निमंत्रण मात्र टाळता आले असते. २०१९मध्ये लष्करानेच त्यांना पदच्युत केले. मग शिक्षा झाली ती परकीय चलनाच्या भ्रष्टाचारासाठी, सुधारगृहात दोन वर्षे. दार्फुरसाठी एक दिवसाचीही नाही.

आज सुदानच्या लष्कराची सूत्रे जनरल अब्देल फताह अल बुऱ्हान यांच्या हाती आहेत. २०२५च्या मार्चमध्ये त्यांच्याच सरकारने हेगमधल्या दुसऱ्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयात संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध दावा ठोकला. दार्फुरच्या मसालित समाजाचा वंशसंहार करणाऱ्या आरएसएफला अमिराती रसद पुरवते, अशी तक्रार होती. अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर दावा मे महिन्यात निकाली निघाला. तक्रारीमागचे दुःख मात्र खरे आहे. ऑक्टोबरमध्ये एल फाशर आरएसएफच्या हाती पडल्यावर तिथे झालेल्या कत्तलींनी ते पुन्हा दिसले.

शत्रूचा न्याय हेगमध्ये व्हावा असे बुऱ्हान यांना वाटत असेल, तर स्वतःच्या जुन्या सरसेनापतीला त्याच शहरातल्या न्यायालयापासून दूर ठेवण्याचे त्यांच्याकडे कोणते कारण उरते? सार्वभौमत्वाचे म्हणावे, तर सुरक्षा परिषदेने २००५मध्येच ठराव करून दार्फुरचे प्रकरण फौजदारी न्यायालयाकडे सोपवले आणि सुदानला सहकार्य बंधनकारक केले. बंडखोर गटांशी झालेल्या २०२०च्या जुबा करारातही सरकारने सहकार्याचे वचन दिले. २०२१च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळ आरोपींना सोपवायला राजी झाले होते. ऑक्टोबरमध्ये बुऱ्हान यांनी ते सरकारच उलथवले.

अडचण उघड आहे. बशीर यांच्या काळातले इस्लामवादी आज लष्कराच्या बाजूने लढत आहेत. बुऱ्हान यांनी स्वतः दार्फुरमध्ये नोकरी केली आहे. बशीर साक्षीला उभे राहिले तर कोणाकोणाची नावे निघतील, ही धास्ती असणारच. पण या धास्तीची किंमत छावण्यांत दोन दशके काढलेल्या लोकांनी का मोजावी? बशीर यांनी ऐंशी ओलांडली आहे. ते खटल्याविना गेले, तर दार्फुरच्या साक्षीदारांना त्यांच्यासमोर उभे राहून बोलण्याची संधी कायमची जाईल.

जुबा करारावर सही करणारे दार्फुरचे बंडखोर नेते मिनी मिनावी आज बुऱ्हान यांच्यासोबत लढत आहेत. बशीर यांना हेगला पाठवण्याची मागणी त्यांनीच आता बुऱ्हान यांच्यापुढे उघडपणे मांडायला हवी.