विमा कामाचा हवा

मागच्या रविवारी दुपारी पलीकडच्या चाळीतल्या एक बाई मुलाला बरोबर घेऊन घरी आल्या. हातात पिशवी, पिशवीत कागद. म्हणाल्या, "ताई, याचा ऑस्ट्रेलियाचा नंबर लागला. सगळं झालं, विमा तेवढा राहिलाय. एजंट म्हणतो हाच घ्या, स्वस्त आहे. तुम्ही एकदा वाचून सांगा."

बाईंचे मालक नगरपालिकेच्या सफाई खात्यात. मुलगा बी.कॉम. झालेला, वय २४. तिकिटासाठी पतपेढीचे कर्ज काढलेले. घराण्यातला पहिलाच मुलगा विमानात बसणार, म्हणून मनापासून आनंद झाला. पण कागद वाचले आणि बाईंना म्हटले, "अजून पैसे भरू नका."

वाचक बंधू-भगिनींनो, हा व्हिसा आपल्या मुलांसाठी नवीन आहे, म्हणून थोडे सांगते. ऑस्ट्रेलियाचा '४६२' क्रमांकाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा २०२४ पासून भारतीय तरुणांना मिळू लागला. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण आणि कामापुरते इंग्रजी लागते. भारतासाठी वर्षाला १००० जागा असल्यामुळे आधी सोडत निघते. नंबर लागला की अर्ज करायचा. मुक्काम १२ महिन्यांचा. नावात सुट्टी आहे, पण आपली मुले तिथे समुद्रावर फिरायला जात नाहीत. ती द्राक्षे तोडायला, हॉटेलात भांडी घासायला, बांधकामावर माल वाहायला जातात. कष्टाची लाज कसली? पण विमा घेताना हे कष्ट विसरून चालत नाही.

एजंटाने दिलेली पॉलिसी होती पर्यटकांची. पहिली गोष्ट, मुदत १८० दिवस. मुलगा राहणार वर्षभर. म्हणजे निम्मे वर्ष तो उघड्यावर. दुसरी गोष्ट शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. 'वगळलेल्या बाबी' या मथळ्याखाली लिहिले होते की, शारीरिक कष्टाचे काम करताना झालेली इजा भरून मिळणार नाही. मुलाला विचारले, "तू तिथे काय करणार?" म्हणाला, "आधी शेतावर, मावशी. तीन महिने तसं काम केलं तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो." म्हणजे ज्या कामासाठी तो चालला होता, नेमके तेच या विम्यात नव्हते.

मुलाने विचारले, "तिथे सरकारी दवाखाने असतील ना?" आहेत, चांगले आहेत. पण तिथली 'मेडिकेअर' ही सरकारी योजना तिथल्या रहिवाशांसाठी आहे. ब्रिटन, न्यूझीलंड अशा काही देशांशी ऑस्ट्रेलियाचा आरोग्यसेवेचा करार आहे, भारताशी नाही. त्यामुळे सरकारी रुग्णालयातही आपल्या मुलाला बिल भरावे लागते. खाटेचे एका दिवसाचे पैसे आपल्या रुपयांत लाखाच्या घरात जातात. रुग्णवाहिकेचे बिल वेगळे. वडिलांचे ईएसआयचे कार्ड असो की महात्मा फुले जन आरोग्य योजना, त्यांची हद्द इथेच संपते.

त्याचा पुढचा प्रश्न शहाणपणाचा होता. "कामावर लागलं तर मालक देणार नाही का?" देतो. कामावर इजा झाली तर भरपाई देण्याचा कायदा तिथल्या प्रत्येक राज्यात आहे, आणि रोजंदारीवरच्या परदेशी कामगारालाही तो लागू होतो. मात्र तो नोकरीवर असला पाहिजे. काही मुकादम मुलांना 'एबीएन' नावाचा धंद्याचा नंबर काढायला लावतात. मग कागदोपत्री मुलगा कामगार राहत नाही, ठेकेदार होतो, आणि भरपाईच्या वेळी मालक हात वर करू शकतो. म्हणून पगाराची पावती मागून घ्यायची आणि जपून ठेवायची. शिवाय हा कायदा कामापुरता. रात्री खोलीवर अपेंडिक्स दुखले, सुट्टीच्या दिवशी रस्त्यात पाय मोडला, तर मालकाचा संबंध नाही. तिथे स्वतःचाच विमा लागतो.

हा विमा दोन प्रकारचा असतो. एक ऑस्ट्रेलियातल्याच कंपन्यांचा, परदेशी पाहुण्यांसाठीचा आरोग्य विमा. त्यात डॉक्टर आणि रुग्णालय येते. विद्यार्थ्यांचा वेगळा असतो, तो चुकून घेऊ नये. दुसरा इथून घ्यायचा दीर्घ मुदतीचा प्रवास विमा. त्यात सामान, हरवलेला पासपोर्ट, गंभीर आजारात मायदेशी परत आणण्याचा खर्च असतो. आणि बोलायला जड जाते, पण मृत्यू झाल्यास देह घरी आणण्याचा खर्चही असतो. पॉलिसी कुठलीही असो, 'शेतावरचे, हॉटेलातले, बांधकामावरचे काम चालेल का?' हे कंपनीला लेखी विचारावे. एजंटाच्या तोंडी 'हो'ला किंमत नाही.

बाई थोड्या घुटमळल्या. म्हणाल्या, "ताई, याला लहानपणी दमा होता. ते लिहायचं का?" लिहायचेच. विदर्भातल्या आपल्या कितीतरी घरांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. दमा, मधुमेह, सिकलसेल, काहीही असो, अर्जात खरे सांगावे. वाहक की रुग्ण, तेही स्पष्ट लिहावे. आजार लपवला की हप्ता थोडा वाचतो, पण त्याच कारणाने दावा फेटाळला जातो. जुन्या आजारासाठी ऑस्ट्रेलियातल्या विम्यात बहुधा १२ महिने थांबावे लागते, म्हणून इथल्या डॉक्टरांकडून तपासणी आणि औषधांची चिठ्ठी घेऊनच निघावे.

आता पैशाचे. वर्षभराचा कामाचा विमा एजंटाच्या पॉलिसीपेक्षा महाग पडतो. बाई म्हणाल्या, "सध्या सहा महिन्यांचा काढू, पुढचं तो कमावून भरेल." मुलाला परत विचारले, तेव्हा कळले की तिथल्या कंपन्या दर महिन्यालाही हप्ता घेतात. मग असे ठरले की, पोहोचण्याच्या दिवसापासून तो विमा सुरू करायचा, पहिल्या तीन महिन्यांचे पैसे इथूनच बाजूला काढायचे, आणि पुढे पगार झाला की घरी पाठवण्याआधी हप्ता भरायचा. हप्ता थकला की संरक्षण तुटते. बाईंनी तिथेच मुलाला सांगितले, "आधी हप्ता, मग आम्हाला."

निघण्यापूर्वी एवढे पाहावे. मुदत पूर्ण मुक्कामाची आहे का. आपण करणार ते काम त्यात आहे का. वजावट किती, म्हणजे प्रत्येक दाव्यात पहिले किती पैसे खिशातून जाणार. दुचाकी चालवायची असेल तर कोणता परवाना लागतो. दारूच्या नशेतल्या अपघाताला बहुधा कोणतीच कंपनी पैसे देत नाही, हे मुलाला बजावून सांगावे. भारतीय कंपनीने दावा अन्यायाने नाकारला तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही.

आणि पॉलिसीची एक प्रत घरी ठेवावी. वर पॉलिसीचा क्रमांक आणि कंपनीचा चोवीस तासांचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहावा. परदेशातून फोन येतो तो बहुतेक रात्रीच, आणि तेव्हा हात थरथरत असतात.

बाईंच्या मालकांना हे सगळे संध्याकाळी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आम्हाला कधी हातमोजे मिळाले नाहीत ताई, तसेच काम केले. पोराला तसे पाठवायचे नाही." विमा म्हणजे पोराचे हातमोजेच आहेत. जो काम करणार आहे, त्याच्या हाताला ते बसले पाहिजेत.