पोस्टरवर नसलेला माणूस ओळखा

'शोले'ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला. कशासाठी आणि कोणाला?

जुन्या सिनेमाच्या शौकिनांच्या बैठकीत हा प्रश्न टाकून बघा. एक जण गब्बरचं नाव घेईल, दुसरा सलीम-जावेदचं, तिसरा पंचमदांचं. कोणी तरी छातीवर हात ठेवून सांगेल की दिग्दर्शनाचाच असणार. उत्तर आहे संकलन, आणि नाव आहे एम. एस. शिंदे. आपले मराठी शिंदे. लाखो फूट फिल्ममधून कात्री चालवून त्यांनी जो सिनेमा उभा केला, तो आपण पन्नास वर्षं पाहतोय. पण सिनेमाचं पोस्टर डोळ्यांसमोर आणताना त्यांचं नाव कोणालाच आठवत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या सिनेमाची कोडी घालत बसणं हा म्हाताऱ्यांचा वेळकाढूपणा आहे असं बरेच जण समजतात. मला तसं वाटत नाही. पण हा खेळ चांगला की वाईट, हे प्रश्न कोणता विचारता यावर ठरतं.

सध्या पोस्टिंग बंगळुरूला आहे. युनिटचं नाव लिहीत नाही, नियम तो नियम. रविवारी संध्याकाळी ड्यूटी नसेल तर मी अलसूर तलावाच्या बाजूला जातो. तिथे आठ-दहा जणांची बैठक जमते. बहुतेक निवृत्त फौजी. कोणी तमिळ, कोणी कूर्गी, दोघे कन्नड, एक गढवाली आणि आम्ही तीन मराठी. बोलायची भाषा अर्थातच फौजी हिंदी, ज्यात व्याकरण कोणाचंच बरोबर नसतं आणि समजायचं कोणाचंच राहत नाही. स्टीलच्या पेल्यात कॉफी येते आणि कोडी सुरू होतात. नियम दोनच. फोन खिशात. आणि इथे रँक नाही. निवृत्त कर्नल साहेबांना येत नसलेलं उत्तर माजी शिपायाला आलं, तर साहेबांनी कॉफी पाजायची.

फौजेत असले खेळ नवीन नाहीत. युनिटच्या फॅमिली नाइटला तंबोला नसेल तर कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही. पुढच्या चौकीवर बर्फात अडकलो की गाण्याच्या भेंड्या ठरलेल्या. अक्षर अडलं की पंजाबीवाला पंजाबीत आणि आम्ही मराठीत घुसायचो. विविध भारतीवर फौजी भावांसाठी 'जयमाला' लागायची, तेव्हा गाण्याची फर्माईश केलेल्यांत आपल्या ओळखीचं नाव येतंय का, म्हणून सगळे कान देऊन बसायचे. आणि गाणं लागलं की कोणी तरी हमखास विचारायचा, 'संगीत किसका?' बंकरमध्ये तेव्हा गुगल नव्हतं. उत्तरावरून वाद व्हायचा आणि तो वाद आठवडाभर पुरायचा.

बंगळुरू तर प्रश्नमंजुषांचं गावच आहे. इथली कर्नाटक क्विझ असोसिएशन 1983 साली सुरू झाली, आणि ती उभी करण्यात पुढे होते विंग कमांडर जी. आर. मुल्की. म्हणजे ह्या शहराला प्रश्न विचारायची सवय लावण्यातही वर्दीवाल्याचा हात आहे, याचा मला थोडा अभिमान वाटतो.

शिवाय सिनेमाची कोडी घालायला ह्या शहरासारखी जागा नाही. मुख्य बस स्टँडच्या भागाला लोक आजही 'मॅजेस्टिक' म्हणतात. हे नाव एका सिनेमा थिएटरचं. थिएटर केव्हाच पडलं. बसची पाटी आणि मेट्रोचं स्टेशन मात्र ते नाव चालवतंय. मुंबईतही एक मॅजेस्टिक होतं, आणि 14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' तिथेच लागला. भारताचा पहिला बोलपट. त्या सिनेमाची एकही प्रत आज शिल्लक नाही. पाहिलेलं सांगणारंही आता कोणी उरलं नसेल. उरली आहेत ती काही छायाचित्रं, जाहिराती, आणि लोक एकमेकांना विचारत आलेले प्रश्न.

मैसूर रोडने पन्नासेक किलोमीटर गेलं की रामनगर. तिथल्या खडकांत 'शोले'चं रामगढ उभं केलं होतं. बंगळुरूला आलेला प्रत्येक पाहुणा तिथे जाऊन फोटो काढतो आणि गब्बरचा खडक कोणता हे विचारतो. त्याच सिनेमातला कालिया आपला विजू खोटे आणि अहमद आपला सचिन पिळगावकर, हे मराठी पाहुण्याला सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

बैठकीत मला सर्वांत आवडलेला प्रश्न एका कन्नड हवालदार साहेबांनी विचारला होता. 'कन्नड का पहला बोलता सिनेमा कहाँ बना?' सगळे म्हणाले बंगळुरू. एक जण मैसूर म्हणाला, एक जण मद्रास. हवालदार साहेब माझ्याकडे बघून हसत होते. उत्तर: कोल्हापूर. 'सती सुलोचना' हा 1934 सालचा चित्रपट, चित्रीकरण कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत. त्या काळी कन्नड मुलखात बोलपटाची सोय नव्हती, म्हणून नट-नट्या सामान बांधून कोल्हापूरला गेल्या. त्याही चित्रपटाची प्रत आज सापडत नाही.

मी त्यांना परतफेड केली गुरुदत्तची. 1925 साली जन्म बंगळुरूत, सिनेमाचे पहिले धडे पुण्याच्या प्रभातमध्ये, नाव झालं मुंबईत. मग कोणी तरी रजनीकांत काढला. घरची भाषा मराठी, आडनाव गायकवाड, जन्म बंगळुरूचा, इथल्याच सिटी बसमध्ये कंडक्टर, आणि देव झाला तमिळनाडूत. हसता हसता सगळे जरा शांत झाले. दर काही महिन्यांनी सीमेवर, म्हणजे आपल्या दोन राज्यांच्या सीमेवर, बसच्या काचा फुटतात आणि पाट्यांना काळं फासलं जातं. त्या प्रश्नावर मी इथे बोलणार नाही, ते माझं काम नाही. एवढंच म्हणतो की ज्याला 'सती सुलोचना'चं उत्तर माहीत आहे, त्याचा हात दगड उचलताना क्षणभर तरी अडखळेल.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला तरुण मुलांचा. 'काका, हे सगळं फोनवर दोन सेकंदात मिळतं.' मिळतं, खरं आहे. पण फोनला विचारण्यासाठी आधी प्रश्न सुचावा लागतो. 'कागज के फूल' 1959 चा आणि तो सिनेमास्कोपमध्ये होता, हे फोन सांगेल. पण त्यात अंधाऱ्या स्टुडिओत वरून उतरणारा तो उजेडाचा झोत कोणी पाडला, हे विचारायचं तुम्हाला सुचलं तर ना? व्ही. के. मूर्ती. मैसूरचे. मोठे आरसे लावून त्यांनी बाहेरचं ऊन आत आणलं होतं. कॅमेऱ्याचं शिक्षण बंगळुरूच्या पॉलिटेक्निकमध्ये, आणि म्हातारपणीही ते ह्याच शहरात राहिले. 2008 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. कॅमेरामनला मिळालेला तो पहिलाच. एप्रिल 2014 मध्ये ते इथेच गेले. त्यांच्या गल्लीतून रोज स्कूटरवर जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते माहीत होते?

दुसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे, आणि तो खेळावर नाही, खेळणाऱ्यांवर आहे. प्रत्येक बैठकीत एक सर्वज्ञ असतो. 'अमुक सिनेमातल्या तिसऱ्या गाण्यात नायिकेच्या साडीचा काठ कोणत्या रंगाचा?' असले प्रश्न तो विचारतो आणि सिनेमा कृष्णधवल निघतो. त्याला उत्तर नको असतं, समोरच्याची पडलेली मान हवी असते. फौजेत असे उस्ताद आम्ही पाहिलेत. रंगरूटाला न शिकवलेलंच विचारायचं आणि मग मैदानाच्या चकरा मारायला लावायच्या. त्यातून रंगरूट काही शिकत नाही, फक्त घाबरायला शिकतो.

चांगल्या प्रश्नात उत्तराकडे जायची वाट असते. 'राजा हरिश्चंद्र कधी लागला?' हा वाईट प्रश्न. 3 मे 1913 माहीत असेल तर सांगाल, नसेल तर गप्प बसाल. त्याऐवजी असं विचारा: 'ह्या सिनेमाची नायिका आधी हॉटेलात काम करायची. चार वर्षांनी दुसऱ्या एका सिनेमात तिनेच सीता केली आणि तिनेच रामही केला. हे कसं?' आता कोणालाही डोकं चालवता येतं. कोणी तरी म्हणतो, 'बाई नसणारच ती!' आणि तिथून अण्णा साळुंकेपर्यंत पोहोचता येतं, 'लंकादहन'पर्यंत, आणि बायका सिनेमात काम करायला तयार नव्हत्या त्या काळापर्यंतही.

आमच्याकडे एक माजी सुभेदार साहेब येतात. साताऱ्याकडचे. वहिनी गेल्या, म्हणून मुलाकडे व्हाइटफील्डला राहायला आले. मुलगा-सून दोघंही लॅपटॉपवर. शेजारी कोणाची भाषा येत नाही. कँटीनमध्ये कोणी तरी आमच्या बैठकीचं सांगितलं म्हणून ते जांभळ्या मेट्रोने हलसूरुला उतरून येऊ लागले. पहिले तीन रविवार नुसते बसून. चौथ्या रविवारी मी विचारलं, 'एका मराठी सिनेमाचं नाव पुढे त्याच्या नटीच्या आत्मचरित्राचं नाव झालं, आणि त्या आत्मचरित्रावरून हिंदी सिनेमा निघाला. कोणता?'

'सांगत्ये ऐका,' सुभेदार साहेब म्हणाले. 'हंसा वाडकर. हिंदीतला भूमिका, स्मिता पाटीलचा.' मग जरा थांबून म्हणाले, 'पुण्याला विजयानंदला बघितला. बाप फौजेत. वर्षातनं एकदा सुट्टी. एस.टी.नं घेऊन गेला मला. आम्ही दोघांनी मिळून बघितलेला तेवढाच एक.'

त्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला होता. मागे उभा राहून ऐकत होता. म्हणाला, 'बाबा, हे मला कधी सांगितलं नाहीत.' सुभेदार साहेब म्हणाले, 'तू कधी विचारलं नाहीस.' रागाने नाही, साधंच.

गुगलवाल्या आक्षेपाला ह्याहून दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. हंसा वाडकरांचं नाव फोनमध्ये आहे. एस.टी.त शेजारी बसलेला बाप फोनमध्ये नाही. तो प्रश्न विचारल्यावरच बाहेर येतो, आणि विचारायला उशीर झाला तर 'आलम आरा'सारखी त्याचीही प्रत उरत नाही.

आणि शिंद्यांचं, मूर्तींचं नाव लक्षात ठेवण्याबद्दल मी एवढा आग्रही का, तेही सांगतो. आम्हा फौजींना हे चांगलं कळतं. छातीवर पदक एकाच्या लागतं. तिथपर्यंत दारूगोळा पोहोचवणारा ड्रायव्हर, रात्रभर तार जोडत फिरणारा सिग्नलवाला, उणे तापमानात चहा गरम ठेवणारा लंगरचा कुक, खेचर हाकणारा जवान, ह्यांची नावं फोटोत नसतात. युनिटमधल्या जुन्या लोकांनी ती सांगितली तरच नव्या पोरांना कळतात. सिनेमाचंही तसंच आहे. हिरोचं नाव लक्षात ठेवायला कोणाच्या मदतीची गरज नाही. त्याच्या मागच्या माणसांचं नाव टिकवायचं असेल, तर ते कोणी तरी कोणाला तरी विचारलं पाहिजे.

तेव्हा आपल्या घरी किंवा कॉलनीत अशी बैठक जमवणार असाल तर माझं सांगणं एवढंच. फोन बाजूला ठेवा. रँक, पगार आणि वय दाराबाहेर ठेवा. दहा प्रश्नांत निदान पाच पोस्टरवर नसलेल्या माणसांबद्दल असू द्या. आणि उत्तर मिळालं की लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका. 'तुम्ही हा सिनेमा कुठे पाहिला होता, कोणाबरोबर?' एवढं विचारून थोडं थांबा. ह्या दुसऱ्या प्रश्नाला गुण नाहीत, पण तो राहून जाऊ देऊ नका.

येत्या रविवारी माझी ड्यूटी आहे. प्रश्न सुभेदार साहेब विचारणार आहेत.