प्रारब्धाच्या नावावर खपवू नका

माउली, 'प्रारब्ध' हा शब्द आपण फार सैल वापरतो. 2021 च्या एप्रिलात नागपुरात ऑक्सिजनच्या खाटेसाठी माणसे दवाखान्यामागून दवाखाने फिरली, काही तशीच गेली. त्यावर 'ज्याचे त्याचे प्रारब्ध' म्हणणारे आपल्यातलेच. मला ते मान्य नाही.

मार्च 2020 मध्ये शहरात पहिला रुग्ण सापडला. पुढे महापालिकेने सतरंजीपुरा, मोमिनपुरा बंद केले, शेकडो लोकांना घरातून विलगीकरणात नेले. कडकपणा हवाच होता, असे धरू. आपणही त्या आषाढीला घरी बसलो. पादुका एसटीने पंढरीला गेल्या. लोकांनी पथ्य पाळले म्हणून कारभाऱ्यांना वर्ष मिळाले. तरी दुसऱ्या लाटेत गरिबाला दार उरले ते मेडिकल आणि मेयोचे, म्हणजे राज्य सरकारचे. वस्तीभोवती बांबू बांधणे एका दिवसाचे काम. खाटा, प्राणवायू, परिचारिका यांची तजवीज आधीच करावी लागते.

प्रारब्ध माणसाने स्वतःच्या भोगापुरते म्हणावे. दुसऱ्याच्या मरणाला ते लावले की कारभारी सुटतो.

सप्ताहात नगरसेवकाला शाल-नारळ देण्याआधी एवढे विचारा: पालिकेच्या दवाखान्यात आज प्राणवायूच्या खाटा किती, आणि रात्री डॉक्टर असतो का?