देव मोडीत निघाले!

आमच्या भालकी-औराद भागात मोडीची भांडी घेणाऱ्यांच्या मागोमाग हल्ली आणखी एक गिऱ्हाईक हिंडते. त्याला पातेली नकोत, टाक हवेत. देव्हाऱ्यातला चांदीचा, पितळेचा टाक तो मोडीहून चार पैसे जास्त देऊन नेतो. पुढे तो शहरातल्या दिवाणखान्यात काचेआड लागतो. खाली चिठ्ठी, 'खंडोबा, महाराष्ट्राची लोककला'. (तोच देव आमच्या शेजारघरी कानडीत मैलार असतो, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या गावीही नसते!)

संग्राहकांचा व्यासंग मी नाकारीत नाही. घोडा, खड्ग, म्हाळसा, कुत्रा, पायातळी मणि-मल्ल ही सारी चिन्हे त्यांना मुखोद्गत असतात. ढेरे वाचलेले असतात, सोन्थायमर चाळलेले असतात. पण टाकाचा अर्थ तेवढाच काय? तो कोणाच्या लग्नात घडवला, कोणत्या पूर्वजाच्या नावाने बसवला, खानापूरच्या मैलार मल्लण्णाच्या भेटीला कोणी नेला, हे कोणत्या चिठ्ठीवर मावणार? उंबरा ओलांडला की घरचा वीर निनावी घोडेस्वार होतो. आणि ज्या झिजेला हे 'प्राचीनत्व' म्हणून भुलतात, ती आमच्या आज्या-पणज्यांच्या बोटांची आहे. चेहरा पुरता झिजला की टाक सोनाराकडे मोडून पुन्हा घडवायचा, ही आमची रीत. देव जुना, धातू तोच, रूप नवे. काचेआड हे चक्रच थांबते.

अमेरिकेतील होपी लोकांनी हा विवेक केला आहे. लाकडात कोरलेल्या कचिना बाहुल्या ते मुलींना देतात, विकायलाही करतात. विधीतले पवित्र मुखवटे मात्र विक्रीचे नव्हेत. २०१३ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने अशा मुखवट्यांचा लिलाव रोखला नाही, तरी ते गप्प बसले नाहीत. त्याच डिसेंबरात ॲननबर्ग फाउंडेशनने २४ पवित्र वस्तू लिलावात घेतल्या, त्या परत देण्यासाठी!

संग्राहकांनी सोनाराकडून नवे टाक खुशाल घडवून घ्यावेत. त्याचीही चूल पेटेल. बसवलेल्या देवाला हात लावू नये. आणि पुण्या-बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याला जागा नाही म्हणणाऱ्या आमच्या सुपुत्रांनो, टाक भावकीत द्या, वजनकाट्यावर नको.

येत्या चंपाषष्ठीला आमची आठवी-नववीची मुले घरातल्या प्रत्येक टाकाचे नाव आजीला विचारून वहीत उतरवणार आहेत. मराठीत, कानडीत, आजी सांगेल त्या भाषेत.