सहल सगळ्यांची, यादी कुणाची?



सुट्ट्या जवळ आल्या की घराघरांत कोकणचा बेत शिजू लागतो. विदर्भातले कुटुंब असेल तर मुंबईपर्यंत विमान, तिथे भाड्याची गाडी, भाऊच्या धक्क्यावर ती रो-रो बोटीत चढवायची आणि तासाभरात मांडवा. मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, मालवणला दोन दिवस काढायचे आणि २०२३ साली सुरू झालेल्या मोप्याच्या विमानतळावरून परत.

बेत झकास आहे. पण संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता, ती चुकली तर महामार्गाला जाऊन केवढा वळसा, बोट लागणाऱ्या धाकट्याला गोळी कधी द्यायची, सासूबाईंची रक्तदाबाची औषधे कुठल्या पिशवीत, विमानात माणशी १५ किलोच सामान चालते तर कोकमाच्या बाटल्या कुणाच्या बॅगेत, हे सगळे महिनाभर एकाच डोक्यात फिरत असते. पुरुष तिकिटे काढतो, आणि 'सगळे ह्यांनीच जमवले' असे बाईच कौतुकाने सांगते!

विमानाच्या तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी जुळावे लागते. पुरुषांना यात विचार करण्यासारखे काही नसते. बाईचे मात्र आधारवर माहेरचे आडनाव, बँकेत सासरचे, आणि काहीजणींचे तर पहिले नावही लग्नात बदललेले. नाव बदलण्याच्या प्रथेची किंमत अशी विमानतळाच्या दारातही मोजावी लागते.

आणखी एक हिशेब असतो, तो मोठ्याने बोलला जात नाही. वाटेत हरिहरेश्वर, पुढे गणपतीपुळे. त्यामुळे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. देवदर्शनासाठी शरीराचे वेळापत्रक बदलावे हे आम्हाला मान्य नाही. पण ज्या घेणारच आहेत त्यांनी निदान डॉक्टरांना विचारावे; रक्तात गाठी होण्याचा त्रास होऊन गेलेल्या बाईला या गोळ्या घातक ठरू शकतात.

पाण्याचेही तसेच. धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, पुरुष झुडपाआड जाऊन येतात. बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि घरी परततात ती लघवीची जळजळ घेऊन. मुंबईत 'राइट टू पी' मोहिमेने हा प्रश्न मांडला तेव्हा लोक हसले होते. किनाऱ्यावरच्या धक्क्यांपर्यंत तो अजून नीट पोचलेलाच नाही.

२०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनमोल काम करणाऱ्या बाया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. सहलीची यादी डोक्यात घोळवत भाजी चिरणारी बाई त्या मिनिटांत फक्त भाजी चिरत असते. तिला स्वतःलाही विचारले तर 'छे, ते काय काम आहे?' म्हणेल.

आणि जिथे आपण उतरतो तिथले काय? घरगुती निवासातले उकडीचे मोदक, चादरी धुणे, पहाटेचा चहा हे बहुधा तिथल्या बाईच्या अंगावर असते. पाटीवर आणि कागदावर नाव मालकाचे. २०२३ च्या राज्य सरकारच्या 'आई' पर्यटन धोरणात महिला उद्योजकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळू शकतो, पण व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा. कोकणातल्या बचत गटांनी हा विषय बैठकीत जरूर घ्यावा. आपणही उतरू तिथे पैसे कुणाच्या हातात देतो ते पाहावे.

'तुलाच जमते बाई' हे वाक्य आपण फार ऐकून घेतले. 'मदत करतो' हेही नको. मदत म्हणजे काम मूळ आपलेच. टप्पे वाटून द्यावेत. मांडव्यापासून दिघीपर्यंत मुलगा, पुढे वेशवीपर्यंत नवरा: फेरीची वेळ, जेवण, मुक्काम, औषधे, सगळे त्याच्याकडे. एखादी फेरी चुकेल. चुकू द्यावी. आणि गाडी चालवता येत असूनही फेरीवर चढवायच्या वेळी जी स्टीअरिंग सोडते, तिने या वेळी ते सोडू नये.

या सुट्टीत खाडी ओलांडणाऱ्या प्रत्येकीने धक्क्याचे नाव, तारीख, बायकांसाठी मुतारी आहे का, उघडी होती का, पाणी होते का, एवढे पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे पाठवावे. पुढच्या अंकात ते छापू आणि तीच पत्रे घेऊन महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जाऊ.